विमलताईंच्या वावराचा खून

१

विमलताईंनी पदराची गाठ सोडून एक ढेकूळ काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "जमादार, हे माहं मयत. करा पंचनामा."

माझी उभी हयात पोलिसात गेली. मयतं पुष्कळ पाहिली, पण ती जिथं पडली असतील तिथं जाऊन. मयत आपल्या पायांनी घरी आलं ते निवृत्तीनंतर, आणि तेही मातीचं. मला हसू येणार होतं. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं.

मी ढेकूळ हातात घेतलं. आमच्या हिवरदऱ्याची काळी माती दोन बोटांत दाबली की सांडते. हे ढेकूळ दगड झालं होतं. वर सायीसारखा पांढरा थर. पेल्यातलं पाणी त्यावर ओतून पाहिलं, तर ते आत शिरलंच नाही, ओघळून टेबलावर आलं. ओल्या जागेवरून बोट मात्र साबणाच्या वडीवरून घसरावं तसं घसरलं.

"हरभरा पेरला, कोंबच वर आले नाईत," विमलताई म्हणाल्या. "उकरून पाह्यलं तं दाने आतल्या आत सडले. गांडूळ नाई, मुंगी नाई. पानी देलं का वरच तुंबते. माह्या वावराले कोनीतरी मारलं, जमादार."

विमलताईंचे मालक गेल्यापासून त्या एकट्याच शेती करतात. त्यांचं वावर म्हणजे गावातली सगळ्यात भारी काळी जमीन. शहराचं सांडपाणी वेशीवरच्या केंद्रात शुद्ध होतं आणि नळानं आमच्या शिवारात येतं. प्यायचं नाही, पण पिकाला सोन्यासारखं. पाळ्या वारावर ठरलेल्या, ज्याचा वार त्याचं पाणी. विहिरी आटलेल्या गावाला त्यानं जगवलं. त्याच नळावरची बाकीची वावरं हिरवीगार होती.

"संशय कोणावर?"

"रिजवानवर."

मी चमकलो. रिजवान म्हणजे अब्दुल गनीचा मुलगा. गनी आणि विमलताई दोघं दारव्ह्याचे, एकाच गल्लीतले. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळते. सासरच्या गावात माहेरचा भाऊ मिळाला, असं बायका कौतुकानं म्हणत.

"त्याच घरातला हाय, म्हनून तं चौकीत गेली नाई, तुमच्याकडं आली," त्या म्हणाल्या. "बाजारात मात्र बोलली त्याले चार मानसांत. जीभच राह्यली नाई. आता भाऊबीज झाली का प्लाट पाडनाऱ्या ले-आऊटवाल्याले इसार करून देतो. मेलेलं ढोर दारात किती दिवस ठेवू?"

एकदा इसार झाला की मुरूम पडणार, चुन्याच्या रेघा ओढल्या जाणार, आणि मग त्या मातीत जीव होता की नव्हता हे कोणी विचारणार नाही. भाऊबीज तोंडावर आली होती.

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच वावरात गेलो.

वैऱ्यानं मीठ फेकलं असतं तर धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फेकलं असतं, आणि आधी कडा मेल्या असत्या. इथं उलटं होतं. नळाच्या तोंडापाशी जमीन पार मेलेली, तेलकट काळी, आणि सरीच्या दुसऱ्या टोकाला अजून थोडी धुगधुगी. म्हणजे खुनी धुऱ्यावरून आला नव्हता. तो पाण्याच्या वाटेनं आला होता. पण तेच पाणी शेजारच्या वावरालाही जात होतं, आणि तिथं पराटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर उभी होती.

शेजारचं वावर वामनरावांचं, म्हणजे विमलताईंच्या दिराचं. भावाभावांच्या वाटणीत एकाच जमिनीचे दोन तुकडे झालेले. मला पाहून ते धुऱ्यावर आले.

"पाहा माही पराटी! याच पान्याची हाय. युरिया अर्ध्यावर आला. पहिले जमीन काठीवानी व्हती, आता कशी लोन्यावानी झाली." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनीले म्या सांगतलं, इकून टाका. गिऱ्हाईक म्याच आनलं. करनीचं वावर हाय ते."

"कायची करणी?"

त्यांनी मला नळाच्या तोंडाशी नेलं. तिथं एक चपटा दगड होता. त्यावर सुकलेलं झेंडूचं फूल आणि लालभडक डाग, एकावर एक चढलेले.

"विधवा बाईच्या वावरात कुंकू कोन वाह्यते, सांगा बरं?"

वामनरावांचं गणित माझ्या ध्यानात आलं होतं. ले-आऊट पडला की रस्ता त्यांच्या धुऱ्याला लागणार, भाव त्यांच्या जमिनीचाही चढणार. संशयितांच्या रांगेत मी त्यांना रिजवानच्या पुढं उभं केलं. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता.

विमलताई मागून येत होत्या. मी दगडाकडे बोट दाखवलं. "हे कुंकू कोणाचं?"

त्यांनी दगडाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "मले नाई मालूम."

नोकरीत मी खोटं बोलणारे इतके पाहिले की आता ते मला वासावरून कळतं. विमलताई खोटं बोलल्या होत्या. आरोपी खोटं बोलला तर तपास पुढं जातो. फिर्यादीच खोटं बोलायला लागली की जमादारानं काय करावं?

३

रिजवानचं गॅरेज फाट्यावर आहे. इंजिनं, मोटारी, बॅटऱ्या. मी गेलो तेव्हा तो ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, हात पुसले, पण बस म्हणाला नाही.

"फुप्पीनं पाठवलं का?" विमलताईंना तो लहानपणापासून फुप्पी, म्हणजे आत्या म्हणायचा.

"मी माझ्या पायानं आलो."

"बाजारात मले माती मारनारा म्हटलं तिनं. लहानपनी ताप आला तं रातभर मांडीवर घेऊन बसलती मले. तिनंच म्हटलं." त्यानं हातातलं फडकं कोपऱ्याकडे झटकलं. "त्या कोपऱ्यात तेजाबाचे दोन डबे हायेत, पाहून घ्या. इतल्याशानं एवढं वावर मरते का?"

डबे पाहिले. सील तसंच होतं. तरी गावात कानावर आलं होतं ते मी विचारलं, "'त्या पाण्यानं तुमचं भलं होणार नाही' असं तू त्यांच्या दारात ओरडून आलास. खरं की खोटं?"

"खरं."

तो आत गेला आणि एक वॉल्व्ह घेऊन आला. ॲल्युमिनिअमचा, पण पार चाळणी झालेला, वर पांढरी भुकटी.

"हा फुप्पीच्या नळाचा. म्याच बसवलता, म्याच बदलला. वामनकाकाचा त्याच दुकानातला, त्याच दिवशी बसवलेला. अजून नवा हाय. तेच सांगाले गेलतो मी."

"मग ओरडलास कशाला?"

मग रिजवाननं सगळं सांगितलं. त्याच्या अब्बांनी आपली पाण्याची पाळी फुप्पीला देऊन टाकली होती, याला न विचारता. त्या वारी पाण्याला जोर फार. ती पाळी परत मागा म्हणून त्याचं सकाळी घरात भांडण झालं आणि तसाच तो तणतणत तिच्या दारात गेला. "पाळी वापस द्या, त्या पान्यात काहीतरी हाय," असं तो म्हणाला. एकाच दमात दोन्ही म्हटल्यावर कोण ऐकणार? गावानं पहिलं ऐकलं आणि दुसऱ्याची धमकी केली.

मी वॉल्व्ह खिशात टाकला. पोरगा खरं बोलत होता असं मन म्हणत होतं. पण ज्याच्या घरी तेजाब त्याच्याच हातात कुरतडलेला वॉल्व्ह, आणि वर भांडणाला चार साक्षीदार. असला पुरावा घेऊन मी चौकीत गेलो असतो, तर रिजवानची दिवाळी कोठडीत गेली असती.

"ती पाळी कोणत्या वाराची?" निघताना मी विचारलं.

"शुक्रवारची."

४

अब्दुल गनीचं वावर टेकाडावर आहे. बरड जमीन, निव्वळ मुरूम. नांगर लावला की ठिणगी उडते असं लोक म्हणतात. म्हातारा बाभळीखाली बसून पराटीच्या ओळींकडे टक लावून बघत होता. मला पाहून उठला, थर्मासातला चहा झाकणात ओतून पुढं केला.

"जमादारसाब, एकच सांगा. माहा पोट्टा गुन्हेगार हाय का? असला तं मी सोता त्याले चौकीत नेतो. पन विमलचं वावर वाचवा."

"पाळीचं सांगा, गनीभाऊ."

त्याचा चेहरा उजळला. असा उजळला की मला आज आठवलं तरी वाईट वाटतं.

"दरसाल तिले काय देलं म्या ओवाळनीत? खन, नाई तं लुगडं. ते फाटून जाते. दोन सालामांगं भाऊबीजेले म्हटलं, बेनले अशी चीज द्यावी का जिंदगीभर पुरली पायजे. म्हून माही शुक्रवारची पाळी तिच्या ताटात घातली. जुम्म्याले मी मस्जिदीत, पानी वावरात, असंच व्हे. तिचा तं शुक्रवार देवीचा. तिनं आपली सोमवारची मले देली."

"पण शुक्रवारच का? सोमवारही पाणीच आहे."

"त्या पान्याची गोठच अलग! जोर असा का नळ थरथरते. अन् फेस येते, दुधावानी. कसदार पानी, साब." मग त्यानं हातानं मुरूम उचलून खाली सोडला. "माह्या बरडात कितीबी टाका, वरून देलं का खालून गायब. दोन सालं घेतलं म्या ते पानी. ना फायदा, ना नुकसान. इतलं कसदार पानी वाया जाऊन राह्यलं व्हतं. विमलची जमीन काळी. एक थेंब सोडत नाई."

मी चहा संपवून झाकण परत दिलं. डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता. विमलताईंची आणि वामनरावांची माती एक, वार वेगळे. एक वावर मेलं, एक जगलं. गनीनं तर शुक्रवारचंच पाणी आपल्या बरडाला दोन वर्षं पाजलं आणि त्याला काही झालं नाही. मग खुनी पाणी की माती?

आणि त्या दगडावरचं कुंकू कोणाचं?

५

शुद्धीकरण केंद्रावरचा अमर तरुण आहे, मारेगावकडचा. हुशार पोरगा, बोलणं नीटनेटकं. त्यानं मला हौसेनं टाक्या दाखवल्या. एका टाकीत तपकिरी पाणी खदखदत होतं.

"यात जिवाणू आहेत काका, डोळ्यांना न दिसणारे. शहराची घाण तेच खातात. माझं काम एकच, त्यांना जगवायचं. ते मेले तर नवे वाढायला महिना जातो आणि तोवर सगळं पाणी नासकं."

गवळी म्हशीबद्दल बोलतो तसा तो बोलत होता. मला त्याचं कौतुक वाटलं. मग मी सहज विचारलं, "शुक्रवारी पाण्याला फेस का येतो?"

अमरचा हात कठड्यावरून खाली आला.

"शुक्रवारी औद्योगिक वसाहत बंद असते," तो म्हणाला.

"बंद असते तर पाणी कमी यायला पाहिजे. जोर वाढतो कसा?"

"मोटारीचा असेल. मला ऑफिसात जरा काम आहे, काका."

तो गेला. बंद कारखान्यांमधून जास्त पाणी येतं, हे गणित पोलिसालाही सुटेना. मी घरी आलो. कांताबाई, म्हणजे आमचं कुटुंब, मोरीत कपडे धूत होती. माझ्या उपरण्यावर दुपारच्या वरणाचा पिवळा डाग पडला होता आणि त्यावरून तिचं प्रवचन चालू होतं. तिनं डागाला साबण लावला.

पिवळा डाग लालभडक झाला.

हे मी लग्न झाल्यापासून बघत आलो आहे. प्रत्येक घरात हळदीच्या डागाला साबण लागतो आणि तो लाल होतो. पण त्या संध्याकाळी मी ते उपरणं तिच्या हातातून ओढून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नळाच्या तोंडाशी दगडावर खुन्यानं दर शुक्रवारी आपली सही केली होती.

"काय झालं?" कांताबाई म्हणाली.

"कांता, हळदीची पुडी दे. आणि उद्या देवाजवळ प्रार्थना कर की मी चुकलेला असू दे."

६

शुक्रवारी सकाळी सगळ्यांना नळापाशी बोलावलं. विमलताई, वामनराव, गनीभाऊ आणि बापाच्या मागं दोन हात अंतर ठेवून रिजवान. अमरला मी स्वतः गाडीवर बसवून आणलं होतं.

दोन पांढऱ्या वाट्या दगडावर ठेवल्या. एकीत वामनरावांच्या हौदातलं मंगळवारचं पाणी. दुसरीत आत्ताच नळातून आलेलं, फेसाळ. दोन्हींत चिमूट चिमूट हळद टाकली.

पहिली वाटी पिवळी राहिली. दुसरी लाल झाली.

वामनराव मागं सरकले, "करनी!" गनी पुटपुटला, "या अल्ला." विमलताई मात्र वाटीकडे बघत हसल्या. लहान मुलीनं लपवलेली वस्तू सापडल्यावर हसावं तशा.

"आता सांगूनच टाकतो," त्या म्हणाल्या. "जमादार, तुमच्याशी खोटं बोलली मी. कुंकू माहं नाई, कोनाचंच नाई. मी फक्त हळद वाह्यतो. मालक गेले, तवापासून कुंकवाले हात लावला नाई. पन ही पाळी आली, पहिल्या शुक्रवारी दगडावर हळद वाह्यली, पान्याचा शिपका पडला अन् तिचं कुंकू झालं. माह्या डोयादेखत. म्या म्हटलं, मानसाइनं घेतलं ते देवीनं वापस देलं. कोनाले सांगतलं नाई. लोक हसले असते."

कोणी हसलं नाही. बाईचं कुंकू आमच्या समाजानं एकदा पुसलं होतं, ते पुसणाऱ्यांचा मला आजही राग येतो. आणि आता दुसऱ्यांदा पुसण्याचं काम माझ्याकडे आलं होतं.

"विमलताई," मी म्हणालो, "हळदीचं कुंकू कशानं होतं?"

"चुन्यानं. नाई तं..." त्या थांबल्या. आयुष्यभर कपडे धुतलेली बाई ती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कसं विझलं ते मी पाहिलं. "नाई तं सोड्यानं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मी अमरकडे वळलो. "आता तू बोल."

घाबरला की माणूस आपल्या बोलीत येतो. "वसाहतीत कापड धुवायचा एक कारखाना हाय, काका. हप्ताभर धंदा करतेत अन् सुट्टीच्या दिवशी हौद धुतेत. सोड्याचं पानी एकदम सोडतेत, लोंढा येते. ते टाकीत घेतलं तं माहे जीव मरतेत. एकदा मेलते, महिनाभर सगळ्या गावाले नासकं पानी गेलतं. म्हून शुक्रवारी ते टाकीत न घेता बाजूनंच पुढं काढून देतो. मले वाटलं, साबनाचंच पानी हाय, वावराले काय व्हते? पहिले गनीकाका घेत व्हते, त्याइची काहीच तक्रार नव्हती."

"नव्हती," मी म्हणालो, "कारण गनीभाऊचं वावर बरड. सोडा वरून गेला आणि खालून निघून गेला. वामनरावांची माती काळी, पण त्यांचं पाणी मंगळवारचं, नीट शुद्ध झालेलं. ते तर जमिनीला मानवलं. शुक्रवारचं पाणी आणि काळी माती ही दोन एकत्र आली ती फक्त याच वावरात. तेजाब नाही, मीठ नाही, करणी नाही. रिजवानचा वॉल्व्ह सोड्यानं खाल्ला. पोरगा सांगायला आला होता, आपण त्याचा फक्त आवाज ऐकला."

झालं, कोडं सुटलं. नोकरीत असं कोडं सुटलं की मी मिशीवरून हात फिरवायचो. त्या सकाळी फिरवला नाही. कारण अजून एक माणूस हिशेब जुळवत होता आणि त्याचा हिशेब जुळत आला होता, हे मला दिसत होतं.

अब्दुल गनी खाली वाकला. लाल वाटी दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी नेली, परत ठेवली.

"ती एकत्र आनली कोनं?" तो म्हणाला. "जमादारसाब, ते बी सांगा ना."

मी पिवळी वाटी उचलून पाणी सांडून टाकलं.

"म्या आनली. ओवाळनीत घालून. फेस पाह्यला अन् दूध समजलं." त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, परत काढली. "विमल, मीच मारलं तुहं वावर."

विमलताई पुढं झाल्या, पण तो थांबला नाही. रिजवाननं त्याचा दंड धरला. दोघं टेकाडाकडे गेले.

७

कृषी केंद्राच्या उज्ज्वला मॅडम येऊन माती घेऊन गेल्या आणि नंतर निकाल सांगायला पुन्हा आल्या. त्यांनी धुऱ्यावर बसूनच समजावलं. मातीचे कण एकमेकांचा हात धरून असतात, म्हणून मधून हवा आणि पाणी फिरतं. सोड्यानं ते हात सुटतात. कण चिखलासारखे एकावर एक बसतात आणि सगळ्या वाटा बंद होतात. भारी जमिनीला हे आधी होतं, कारण ती आलेलं धरून ठेवते.

"म्हंजे चांगली व्हती म्हनून बिघडली?" विमलताईंनी विचारलं.

मॅडमनी निकालाचा कागद मिटला. "हो. मेली नाही पण. जिप्सम टाकायचं, चर काढायचे, दर पावसाळ्यात ताग किंवा धैंचा पेरून गाडायचा. पावसाचं पाणी सोडा धुऊन नेईल. वर्षं लागतील. पहिल्यासारखी होईलच असं मी सांगू शकत नाही."

विमलताईंनी ले-आऊटवाल्याला नाही म्हणून कळवलं. वामनराव दोन दिवस तोंड फुगवून होते. केंद्रानं शुक्रवारचं पाणी शेताकडे सोडणं बंद केलं, त्याऐवजी विमलताईंना शनिवारची पाळी मिळाली. अमरची बदली झाली. जाताना तो विमलताईंच्या पाया पडायला आला होता, असं कळलं. त्या कारखान्याला नोटीस गेली आहे म्हणतात. नोटीस कुठं जाते आणि तिचं पुढं काय होतं, हे मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिलं आहे.

भाऊबीजेला विमलताईंनी ताट केलं, रांगोळी काढली आणि दारात बसल्या. गनीभाऊ आला नाही. दिवे लागले, तरी आला नाही. मग त्या ताट घेऊन उठल्या आणि मला म्हणाल्या, "चला जमादार, गाडी काढा."

तो अंगणात बाजेवर बसला होता. आम्हाला पाहून उठला आणि पाठ केली. "कोन्या तोंडानं येऊ, विमल? ओवाळनीत काय घालू आता?"

"काही घालू नको. इकडं तोंड कर."

तिनं त्याला बाजेवर बसवलं, निरांजन लावलं, हळदीचं बोट कपाळी टेकवलं. म्हातारा रडत होता. घरातून रिजवान दारापर्यंत आला. विमलताईंनी मान वर केली. "रिजवान, बेटा, चुकली मी." त्यानं मान हलवली, पण उंबरा ओलांडून बाहेर आला नाही. अजूनही तो फाट्यावर त्यांना नमस्कार करतो, मोटार बिघडली तर दुरुस्त करून देतो, पण फुप्पी म्हणत नाही. ताई म्हणतो.

ओवाळून झाल्यावर विमलताई भावाजवळ बाजेवर बसल्या. "हे पाह्य गनीभाऊ," त्या म्हणाल्या, "तुही जमीन बरड हाय ना? तूबी तसाच व्हय. वरून आलं ते खालून जाऊ दे. सोडून दे."

"देतो," तो म्हणाला.

पण त्यानं सोडलेलं नाही. आज इतक्या दिवसांनीही जुम्म्याची नमाज झाली की गनीभाऊ टेकाड उतरून विमलताईंच्या वावरात येतो. सदऱ्याच्या खिशात हळदीची पुडी असते. शुक्रवारचं पाणी आता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो नळाच्या तोंडाशी बसतो, चरात साचलेल्या पाण्यात चिमूटभर हळद सोडतो आणि वाट बघतो. हळद पिवळीच राहते. बराच वेळ ती तशीच राहिली, की तो गुडघ्यांवर हात टेकून उठतो आणि घरी जातो.